पन्नासावर एक

माझ्या माहेरी गणपतीच्या कारखान्यात शून्यावर संपणारी ऑर्डर कधी तशीच सोडली नाही. व्यापाऱ्याने शंभर मूर्ती सांगितल्या की आमच्याकडे एकशे एक व्हायच्या. वरची एक कारखान्याची. ती विकायची नाही, कुणाला बक्षीसही द्यायची नाही. ती आमच्या घरच्या पाटावर बसायची आणि विसर्जनाला आमच्याच माणसांबरोबर जायची. हे मला कुणी बसवून शिकवलं नाही आणि मी कधी विचारलंही नाही. जेवायला बसताना हात धुवावेत तसं ते अंगवळणी पडलं होतं. म्हणून पुण्याच्या त्या गाणाऱ्या मुलाने पन्नास कॅसेटी रंगवायला दिल्या तेव्हा मी एक्कावन्न रंगवल्या, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं.

मी डोळे काढायचे. माहेरी, हमरापुरात, मूर्तीच्या चेहऱ्यावर शेवटचा हात फिरतो त्याला आखणी म्हणतात, आणि आमच्या कारखान्यात ती माझ्याकडे होती. लग्न होऊन मी रोह्याला आले, म्हणजे खरं तर नदीपलीकडे अष्टमीला. तरी दर वर्षी होळी झाली की बॅग भरून माहेरी जायची ती गणपती बसल्यावरच परत यायची. नवऱ्याची याला कधी ना नव्हती. ते केमिकल कंपनीत शिफ्टला होते, स्वतःचं जेवण स्वतः करायचे आणि माझ्यापेक्षा चांगलं करायचे. आम्हाला मूलबाळ नाही. ते गेले त्यालाही आता काही वर्षं झाली. ते गेल्यावर मी कारखान्यात जास्तच दिवस राहू लागले, कारण तिथे दिवसभर माणसांची ये-जा असायची आणि कुणी ना कुणी कुणावर ओरडत असायचं.

मग कारखाना भाच्याच्या हाती आला. मुलगा गुणी आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याने रंग फवारायला कॉम्प्रेसर आणले, आखणीला तरुण मुली ठेवल्या. एका वर्षी होळीनंतर मी नेहमीसारखी बॅग घेऊन गेले, तर तो म्हणाला, "आत्या, आता कशाला गो दगदग करतेस? घरी आराम कर. गणपतीत ये मस्त पाहुण्यासारखी." त्याच्या बायकोने मला चहा दिला तोसुद्धा पाहुण्यांच्या कपात. परत येताना वडखळला डोलवीच्या प्लांटची धुराडी मागे पडली तेव्हा एसटीत मला रडू कोसळलं. मला दगदगच हवी होती. आराम घरी भरपूर होता.

त्यानंतर दोन-तीन हंगाम मी अष्टमीतच काढले. सकाळी बाजार, दुपारी झोप, संध्याकाळी पुलापर्यंत चक्कर. टीव्ही आहे, पण टीव्ही सगळ्या जगाशी बोलतो, आपल्याशी नाही. मला वाटायचं की घर गप्प असतं आणि आपल्याला त्याची सवय झाली आहे. लोकही म्हणायचे, बाई खमकी आहे, एकटी राहते, कुणाचं काही घेत नाही. ते ऐकून मला बरं वाटायचं.

असाच एकदा भावाचा फोन आला. "काय गो, कॅसेटी रंगवशील का?"

"कसल्या कॅसेटी?"

"गाण्याच्या. पुण्याचा पोरगा हाय. घरचा गणपती बघायला आलेला, तर नमुन्याच्या मूर्तीकडंच बघत बसला. डोळे कुणी काढले म्हणतो. मी तुझा नंबर दिला."

"अरे, आता कॅसेट कोण ऐकतंय?"

"मला काय म्हायत? त्याला रंगवून हव्यात. तू कर म्हणजे झालं. रिकामीच हायस ना?"

रिकामीच हायस ना! माझा भाऊ जिथे नको तिथे खरं बोलतो. मी फोन ठेवला, आणि तासाभराने त्या मुलाचा आला तेव्हा हो म्हणून टाकलं.

त्याने सगळं नीट समजावून सांगितलं. तो आणि त्याच्यासारखी मुलं कुठल्याही कंपनीच्या दारात न जाता आपली गाणी आपणच काढतात. गाणी फोनवर असतातच, पण काही लोकांना हातात धरण्यासारखी वस्तू लागते, म्हणून कॅसेट. अशा पन्नासच काढायच्या, प्रत्येक हाताने रंगवलेली, एकीसारखी दुसरी नाही, खाली बारीक आकडा घालायचा. आधीच सगळ्यांची नोंदणी झालेली. पन्नासनंतर पुन्हा कधीच नाही, असा त्याने लोकांना शब्द दिला होता. आणि दुसऱ्या बाजूची गाणी फक्त या कॅसेटीतच असणार होती, फोनवर नाही, कुठेच नाही.

"काय काढू?" मी विचारलं.

"काहीही काढा काकू. फक्त देव नको. आणि रंगवायच्या आधी एकदा ऐका."

मी म्हटलं, "देव मी काढतच नाही. मी डोळे काढते."

खोकं आलं. बिघडल्या तर असाव्यात म्हणून त्याने चार-पाच जास्त घातल्या होत्या, आणि तो शहाणपणा कामी आला. पहिल्याच कॅसेटीला मी मूर्तीला देतात तसा वरपासून खालपर्यंत पांढऱ्या रंगाचा हात दिला. रंग भोकातून आत गेला आणि चाक जागच्या जागी चिकटलं. इतकी वर्षं जे काही रंगवलं ते आतून भरीव किंवा पोकळ होतं. आत काहीतरी फिरतं आहे अशी वस्तू हातात पहिल्यांदाच आली. दुसऱ्या खेपेला पॉलिश पेपरने घासून घेतलं, खिडकी आणि भोकं चिकटपट्टीने झाकली आणि मग ब्रश लावला. रंग बसला.

कॅसेटीला दोन गोल भोकं असतात. डोळे काढणाऱ्या बाईला ती काय दिसणार? प्रत्येक जोडीभोवती मी पापण्या काढल्या, भुवया काढल्या. मूर्तीचे डोळे शांतच काढावे लागतात, इथे ते बंधन नव्हतं. म्हणून माणसांचे काढले. बाजारात सुकी मासळी विकणारीचे बारीक केलेले डोळे, आमच्या खालच्या मजल्यावरच्या भांडकुदळ बाईंचे, बँकेतल्या झोपाळू शिपायाचे, माझ्या आईचे. हसतच काम केलं म्हणायला हरकत नाही.

आणि गाणी ऐकली. नवऱ्याचा टेपरेकॉर्डर माळ्यावर चादरीत गुंडाळून ठेवला होता. त्याचा बेल्ट ढिला झालेला. रोह्याच्या बाजारात एका दुरुस्तीवाल्याने दुसऱ्या मेलेल्या मशीनचा बेल्ट काढून बसवून दिला. पहिली बाजू मला काही झेपली नाही. सगळा धडाडधूम, त्यात तो मुलगा कुठेतरी मागे ओरडत होता. दुसरी बाजू मात्र वेगळीच होती. नुसता त्याचा आवाज आणि पेटी. आपल्या खोलीत बसून गायलेला असावा, कारण मागे पंखा ऐकू यायचा, खुर्ची करकरायची. एका गाण्याच्या मध्येच शेजारच्या कुणाच्या कुकरची शिट्टी होते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी उठून गॅस बंद करायला गेले.

शब्द साधे होते. परक्या शहरात भाड्याच्या खोलीचं दार उघडणाऱ्या माणसाचे. तो कुणाला ऐकवायला गात नव्हता, असं मला वाटलं. गायल्याशिवाय राहवलं नाही म्हणून गात होता. मी ती बाजू रंगवताना लावायची, मग स्वयंपाक करताना लावायला लागले, मग कपडे वाळत घालतानाही. संपली की उलट गुंडाळायची आणि पुन्हा. शिट्टीची जागा आली की मी आधीच हसायची. इतक्या वर्षांनी घरात माणसाचा आवाज होता, आणि मला तो हवा होता. काम पुढे सरकत होतं तसा माझा हात मुद्दाम सावकाश चालू लागला, कारण पन्नास झाल्या की खोकं जाणार.

पन्नास झाल्या, आणि हाताने आपसूक एक्कावन्नावी घेतली. खरं सांगते, त्यात कावा नव्हता. वरची एक करायचीच असते. पण ब्रश टेकवल्यावर जीव हलका झाला हेही खरं. त्या एकीवर मी त्या मुलाचेच डोळे काढले, न बघितलेले, आवाजावरून. मोठे, जरा ओले, खाली झुकलेले. खाली आकडा घातला नाही. वाळल्यावर ती मशीनमध्ये घातली आणि तिथेच राहू दिली.

तो खोकं न्यायला स्वतः येतो म्हणाला, पुण्याहून पहाटेची गाडी धरून. मी दोन दिवस आधीच वाल भिजत घातले, मोड आणले, सकाळी बसून सोलले आणि दोघांना पुरून उरेल एवढं बिरडं केलं. घरात पाहुणा जेवणार म्हणून खोबरं सढळ हाताने घातलं. तो आला तर चष्मेवाला, केस विरळ व्हायला लागलेला, डोळे बारीक आणि प्रवासाने तारवटलेले. मी काढलेल्या डोळ्यांशी काडीचाही संबंध नाही. मला इतकं हसू आलं की पाण्याचा तांब्या हिंदकळला.

कॅसेटी त्याला आवडल्या. एकेक हातात घेऊन उजेडात धरत होता. "काकू, या तर बघतायत," म्हणाला. जेवायला मात्र बसेना. वाटेत वडापाव खाल्ला होता आणि परतीची गाडी गाठायची होती. नुसता चहा घेतला. चहा पिता पिता त्याचं लक्ष ओट्याशेजारच्या मशीनकडे गेलं आणि गाणाऱ्याच्या सवयीने त्याने बटण दाबलं. त्याचाच आवाज सुरू झाला. पेटी, पंखा, खुर्ची.

तो ऐकत राहिला. कुकरची शिट्टी झाल्यावर मी हसले, सवयीने. तो माझ्याकडे बघायला लागला.

"तुम्ही ही बाजू ऐकता?"

"रोज ऐकते."

"बाकी कुणी ऐकणार नाही, काकू," तो म्हणाला. "घेणाऱ्यांतल्या बहुतेकांकडे मशीनच नाही. वेष्टणसुद्धा फोडणार नाहीत. फळीवर ठेवतात."

"मग गायलास कशाला?"

त्याने खांदे उडवले. मला राग आला. कुणावर ते कळेना, म्हणून त्याच्यावरच आला. मग त्याने मशीन उघडून कॅसेट बाहेर काढली, डोळे बघितले, खालची कोरी जागा बघितली.

"ही पन्नासातली नाही."

"नाय. ही कारखान्याची. आमच्यात एक वर करतात." मी त्याला सगळं सांगितलं, पाटाचं, विसर्जनाचं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग अडखळत म्हणाला की त्याने लोकांना पन्नासचाच शब्द दिला आहे, तर ही बरोबर घेऊन जाऊ का?

"ती घराबाहेर जात नाही," मी म्हटलं.

"बरं, मग राहू दे तुमच्याकडे. कोण बघतंय?"

इथे मी गप्प बसले असते तर सगळं माझ्या मनासारखं झालं असतं. कॅसेट माझी, आवाज माझा. पण कोण बघतंय हे शब्द मला झोंबले. आमच्या कारखान्यात एखाद्या मंडळाला खास साचा करून दिला, की त्यातून दुसरी मूर्ती निघत नाही. साचा फोडायचा, तोही मंडळाच्या माणसासमोर. मी असे साचे स्वतः फोडले आहेत. आणि हा मुलगा मला चहाबरोबर सूट देत होता, एकट्या बाईला दिल्यासारखी.

"कोण बघतंय म्हणजे काय?" मी म्हटलं. "शब्द दिलास ना? मग पूस."

"अहो काकू, राहू द्या."

"चित्र माझं, ते राहील. आवाज तुझा, तो पूस. आता, माझ्यासमोर."

तो नको नको म्हणत होता आणि मी हट्टाला पेटले होते. कॅसेटीच्या कडेला एक खाच असते, ती उघडी असली की वर दुसरं काही भरता येत नाही. त्याने माझ्याच चिकटपट्टीचा तुकडा त्या खाचेवर लावला, फीत सुरुवातीला आणली आणि दोन बटणं एकदम दाबली. "खोलीतला आवाज भरत राहील," म्हणाला, "आणि गाणी जातील. संपलं की बटण आपोआप वर येईल." आम्ही दोघं बसून त्या फिरणाऱ्या चाकांकडे बघत होतो. तेव्हाच मला उठून ते बटण बंद करावंसं वाटलं. पण मी बसून राहिले. थोड्या वेळाने तो उठला. मी डब्यात बिरडं देऊ का विचारलं, तो नको म्हणाला, वाकून नमस्कार केला आणि खोकं छातीशी धरून जिना उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारातून आले, भाजी ठेवली, आणि सवयीने मशीनपाशी गेले. गाणी नाहीत हे माहीत होतं. तरी फीत उलट गुंडाळली आणि बटण दाबलं. कधीकधी जुना आवाज खाली थोडा शिल्लक राहतो असं कुठेतरी ऐकलं होतं.

शिल्लक काही नव्हतं. कपबशीचा आवाज आला, त्याचं खाकरणं, माझं "डब्यात देऊ का?", त्याचं "नको काकू". जिन्यावरची पावलं. दाराची कडी. मग पुलावरच्या गाड्या, लांबून. मी बंद करणार इतक्यात एक बाई बोलायला लागली.

मला वाटलं, खालच्या मजल्यावरच्या बाई. आवाज म्हातारा आणि घोगरा होता. पण खूप जवळचा होता, अगदी ओट्यापाशी.

"आला नि गेला बघा," ती म्हणाली. "चहासुद्धा अर्धाच प्यायला." मग थांबली, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी. "व्हय तर. वाळलाय पार. तिकडं कोण करून घालतंय त्याला?" भांड्यांचा आवाज. "मी मुद्दाम पुसायला लावलं. तुम्ही म्हणाल, कशाला तो ताठा. हाय माझा ताठा, तुम्हाला काय आज कळतंय?" पुन्हा थांबली, आणि हसली. मग झाकण उघडल्याचा आवाज, आणि ती म्हणाली, "एवढं बिरडं झालंय. बसता का? ताट करते तुमचं." आणि फरशीवर एक ताट ठेवल्याचा आवाज झाला, आणि मग दुसरं.

मी खाली बसले. ते माझं बोलणं होतं. एक शब्दही मला आठवत नव्हता. आदल्या दुपारी आपण गप्प बसून, एकटीने जेवलो अशीच माझी समजूत होती. कॅसेट पुढे चालूच होती. ती बाई जेवता जेवता मीठ बरोबर पडलंय का विचारत होती, भाच्याला नावं ठेवत होती, उद्या बाजारातून काय आणू ते विचारत होती. त्यांना. ती जराही दुःखी वाटत नव्हती. बटण वर आलं तोवर मी सगळं ऐकलं.

हे किती वर्षं चाललं असेल? शेजारच्यांना नक्की माहीत असणार. जिन्यात मला बघून मुली कोपराने एकमेकींना खुणावतात ते काय होतं, ते मला तिथे बसल्या बसल्या कळलं. लाज वाटली, पण लाजेचं फार काही नाही, ती दोन दिवसांत जाते. गेलं ते वेगळंच. त्या सकाळपासून मी तोंड उघडलं की माझा आवाज मला ऐकू यायला लागला. "दूध उतू गेलं," एवढं निघालं की पुढचं घशातच थांबायचं. भांडी घासताना, कुलूप लावताना, पुलावरून येऊन चपला काढताना मी स्वतःवर कान ठेवून असायची. आणि कान ठेवला की बोलणं येत नाही. घर आता खरोखरच गप्प झालं होतं. आधी कधी तसं नव्हतं हे मला आता समजत होतं.

काही दिवस असे गेले. मग एका दुपारी आमटी-भात झाल्यावर मी मुद्दामच दोन ताटं घेतली, फरशीवर समोरासमोर ठेवली आणि नेहमीच्या आवाजात, म्हणजे कॅसेटीत ऐकला होता तसल्या आवाजात म्हटलं, "या, जेवायला बसा." थांबलेही, ती थांबायची तेवढी. पुलावरून एक गाडी गेली. ते वारले तेव्हा माणसं भरपूर होती, दिवस झाले, सगळं रीतसर झालं आणि मी फार रडलेही नव्हते. त्या दुपारी त्या दुसऱ्या ताटासमोर मला पहिल्यांदा कळलं की ते घरात नाहीत.